गेटवर मशीन, मग टेन्शन खल्लास?

मॉलच्या दारातलं मशीन वाजतं, तरी गार्ड तुम्हाला आत सोडतो. अनुभव आहे ना? अमेरिकेत बंदुका, चाकू अडवायला अनेक शाळांच्या गेटवर असंच स्कॅनिंग चालतं. पण साधं गणित करा. हजार मुलं, एकेकाला दहा सेकंद, मशीन एकच. म्हणजे पावणेतीन तास! मग रांग झटपट सरकवायला एआय स्कॅनर आले. ते लॅपटॉप, पाण्याच्या बाटलीवरही वाजायला लागले. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकामध्ये २०२२ साली अशाच स्कॅनरमधून चाकू बिनबोभाट आत गेला, एका विद्यार्थ्यावर वार झाले. मिनेसोटातल्या रेड लेकच्या शाळेत २००५ मध्ये मेटल डिटेक्टर होता, गार्डही होता. हल्लेखोराने शाळेत शिरताना त्या निःशस्त्र गार्डलाच आधी मारलं.

मग करायचं काय? अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शाळांवरचे ३७ हल्ले अभ्यासले. दहापैकी आठ वेळा कुणाला तरी आधीच कुणकुण होती, बहुतेकदा बरोबरीच्या मुलांनाच. मशीनला फक्त बॅग दिसते; मित्राचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्हाला दिसतं. तो 'उद्या बघाच' म्हणाला, तर हसण्यावारी नेऊ नका. विश्वासातल्या सरांना, मॅडमना सांगा. ही चहाडी नाही.