सपाट नकाशावरची शर्यत

संपादकांना हातात मावणाऱ्या खेळयंत्रांवर लेख हवा होता. मी त्यातला शर्यतीचा एकच खेळ उचलला, 'मारिओ कार्ट: सुपर सर्किट'. त्यातही मन अडकलं ते पडद्यावर रस्ता रेखाटण्याच्या करामतीत.

निन्टेंडोचं 'गेम बॉय ॲडव्हान्स' २००१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये हा खेळ निघाला. आधीचे मारिओ कार्ट निन्टेंडोच्या घरच्या चमूने केले होते. हा मात्र क्योटोच्या 'इंटेलिजंट सिस्टिम्स'कडे गेला. 'फायर एम्ब्लेम'सारखे सावकाश डावपेचांचे खेळ करणारी ही मंडळी.

या यंत्रात त्रिमितीसाठी वेगळी सोय नाही. एखादं सपाट चित्र फिरवणं आणि लहान-मोठं करणं एवढंच त्याला जमतं. त्यामुळे शर्यतीचा रस्ता म्हणजे मुळात वरून पाहिलेला नकाशा. पडद्यावर १६० आडव्या ओळी. एक ओळ रंगवून झाली की पुढची सुरू होण्याआधी प्रोसेसरच्या २७२ ठोक्यांची उसंत मिळते. तेवढ्यात नवे आकडे भरायचे: नकाशा कुठून घ्यायचा, किती आक्रसायचा. तळाच्या ओळीत तो मोठा, वर जाऊ तसा बारीक. दारात उभं राहून सतरंजीकडे पाहावं तसा रस्ता दूर पसरत जातो. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगतो आणि प्रत्येक वेळी ही सगळी धावपळ पुन्हा.

१९९२च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्येही हीच युक्ती होती, पण तिथे आकडेमोडीसाठी कार्ट्रिजमध्येच एक वेगळी चिप बसवलेली होती. इथे तशी मदत नाही. १६.७८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, त्याला भागाकाराची आज्ञासुद्धा नाही! अशा यंत्रावर उत्तरांची कोष्टकं आधीच मांडून ठेवायची रीत असते. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत २० नवे रस्ते बसवले, शिवाय नाणी जमवली की 'सुपर मारिओ कार्ट'चे २० जुने रस्तेही उघडतात. याला कसब म्हणतात.

केबल जोडली की एकाच कार्ट्रिजवर चौघं खेळत. खेळ तारेतून बाकीच्या यंत्रांच्या स्मृतीत उतरायचा. तिथे जागा थोडी, म्हणून चौघांनाही योशी हे एकच पात्र, फक्त वेगवेगळ्या रंगांत, आणि रस्ते फक्त चार. पोरांना तेवढंही पुरे होतं.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर ९३ गुण, विक्री ५० लाखांच्या वर.

अडचण मात्र पहिल्या दिवसापासून होती. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. दिव्याखाली यंत्र तिरकं धरून खेळायचं. त्यात क्षितिजाजवळच्या ओळींत नकाशा इतका दाबला जातो की मधले ठिपके गळतात आणि रस्त्याची कड थरथरते. वेगात असताना नजर नेमकी तिथेच लागते, कारण पुढचं वळण तिथून येणार असतं. म्हणजे करामत जिथे सर्वांत दुबळी, तिथेच खेळाडूचा सगळा भरवसा, आणि तो भाग अंधारात. आणखी एक उणीव कायम राहिली. १९९६च्या 'मारिओ कार्ट ६४'मध्ये चढ-उतार होते. इथे एकही टेकडी नाही. सपाट नकाशाला ती देताच येत नव्हती.

२००३ मध्ये याच यंत्राची 'एसपी' ही आवृत्ती आली आणि पडद्याला उजेड मिळाला. २००५च्या 'मारिओ कार्ट डीएस'ने रस्ताच त्रिमितीत बांधला. पुढे २०१५ मध्ये 'मारिओ कार्ट ८'साठी 'सुपर सर्किट'मधला रिबन रोड हा रस्ता नव्याने रचला गेला, चढ-उतारांसकट. तो देखणा आहे यात वाद नाही. पण निव्वळ वळणांच्या जोरावर चुरस उभी करणारी मूळची आखणी त्यात शोधावी लागते, आणि मला ती जास्त अवघड वाटते.