फौजी बटण : असली की नकली?

कामठीची छावणी १८२१ सालची. त्यामुळे आसपासच्या खेड्यांत जुन्या ट्रंकेतून फौजी कोट निघाला तर नवल नाही. मोडीत द्यायच्या आधी बटण उलटं करून पाहा ना बाप्पा! असली बटण बहुधा जाड पितळेचं, मागं तारेची कडी अन् पुष्कळदा बनवणाऱ्याचं नाव. नुसतं बर्मिंगहॅम वाचून भुलू नका. तिथं साधी बटणंही घडत. लोहचुंबकाला चिकटलं तर शंका घ्या, आत लोखंड अन् वर मुलामा असेल. राजमुकुट इंग्रजी अमदानीतला, सिंहमुद्रा १९५० पासूनची. १९४२ च्या कोटावर सिंह दिसले, तर बटण मागाहून टाचलेलं. चिंचेनं मात्र घासू नका, अक्षरं झिजतात. भंगारवाल्याला काय, तो वजनानंच घेतो.