होम थिएटर: आधी बसायची जागा, मग टीव्ही

होम थिएटर करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती टीव्ही किती इंचांचा घ्यायचा याची. मग साउंडबार की सुटे स्पीकर. बसायचं कुठे, हे कोणी विचारतच नाही, कारण सोफा आधीच मागच्या भिंतीला टेकलेला असतो! मी मात्र आधी बसायची जागा ठरवतो. टीव्हीचा आकार आणि स्पीकरच्या जागा त्यावरूनच ठरतात.

मागच्या महिन्यात मावशीच्या घरी हेच काम केलं. खोली १० बाय १४ फूट, १० फुटी भिंतीवर ६५ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला चिकटून सोफा आणि ५.१ स्पीकर. मावशीची तक्रार होती, "धडधड ऐकू येते, पण कोण काय बोललं ते कळत नाही." तिला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं. ती पंधरा मिनिटांत उठून आत जायची.

यात वयाचा वाटा होता, पण सोफ्याचाही होता. १४ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झची ध्वनिलहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून राहते. भिंतीजवळ ती सर्वांत जोरदार असते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे भिंतीला डोकं टेकून बसलं की बास गरजेपेक्षा जास्त, आणि असा फुगलेला बास संवाद झाकून टाकतो. आवाज वाढवला तर धडधडही वाढते, म्हणून व्हॉल्यूमने हा प्रश्न सुटत नाही.

मग बसायचं कुठे? ढोबळ नियम असा की खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतर मागच्या भिंतीपासून सोडायचं. १४ फुटांत ते सव्वापाच फूट होतं. हे मोजायचं सोफ्याच्या पाठीपासून नव्हे, कानापासून. एवढं जमत नसेल तर दोन-तीन फूट सोडले तरी फरक कळतो. फक्त अगदी मध्यावर बसू नका, तिथे बास गायब होतो.

सोफा पुढे आला की टीव्हीचं गणितही बदलतं. टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणलं की जे इंच येतात, तेवढ्या अंतरावरून पडदा डोळ्यांसमोर सुमारे ३० अंश व्यापतो. सिनेमासाठी एवढं छान. ६५ इंचीला हे अंतर साडेआठ-पावणेनऊ फूट. मावशीकडे सोफा पुढे घेतल्यावर नेमकं तेवढंच भरलं. आधीच्या साडेबारा फुटांवरून तोच परिणाम हवा असता तर जवळपास ९४ इंची टीव्ही लागला असता. सोफा सरकवायला पैसे लागत नाहीत!

आता कोण कुठे बसणार. आपल्याकडे मधली जागा रिमोटवाल्याची आणि घरातलं मोठं माणूस टोकाच्या खुर्चीत. ही सवय मोडा. ५.१ मध्ये बहुतेक संवाद टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरमधून येतात. टोकाला बसलेल्याच्या कानाशी बाजूचा स्पीकर असतो, त्यामुळे त्याला पाऊस आणि गाड्या आधी ऐकू येतात, माणसं नंतर. ज्याला कमी ऐकू येतं त्याला मध्ये बसवा. मावशी मध्ये आली, सेंटरचा आवाज थोडा वाढवला, सबवूफरचा कमी केला. त्या रात्री तिने पूर्ण सिनेमा पाहिला, वर मध्येच आम्हाला गप्प बसवलं.

बाजूचे स्पीकर कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे हवेत. सोफा भिंतीला असेल तर त्यांना मागे जागाच उरत नाही. रिक्लायनर घेणार असाल तर उंच पाठीचा टाळा, ती पाठ मागून येणारा आवाज अडवते. आणि रिक्लायनर पूर्ण उघडून जागा मोजा, दुकानात तो बंद असताना लहानच दिसतो. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असावा. शोकेसच्या वर टांगलेला टीव्ही दिसतो छान, मान मात्र दुखते. दिवाणावर किंवा खाली गादीवर बसून बघत असाल तर तोही खाली यायला हवा. दुसऱ्या रांगेचा विचार १४ फुटांत करूच नका.

मागे सोडलेली जागा वाया जाते असं वाटेल. मावशीकडे तिथे कपाट आहे, आता दार उघडायला ऐसपैस जागा झाली.

भिंतीला ड्रिल मारण्याआधी सोफ्याची नवी जागा फरशीवर चिकटपट्टीने आखा आणि आठवडाभर तसंच बसून बघा. येता-जाता कोणाचा पाय अडखळत असेल तर अर्धा फूट मागे घ्या. मग स्पीकरच्या वायरी मापा.