फादर स्टीफन्स, रिची आणि लिपीचा प्रश्न

मात्तेओ रिची हा जेझुइट १५७८ सालीं गोव्यास उतरला. पुढल्याच वर्षीं टॉमस स्टीफन्स आला. रिची १५८२ त मकावास गेला; स्टीफन्स गोव्यांतच राहिला. दोघांनींहि लोकभाषेंत धर्मग्रंथ रचले. परंतु त्यांची गति भिन्न झाली.

चिनांत कोरीव फळ्यांवरून छापण्याची पद्धति जुनीच असल्यामुळें रिचीचा ‘तिएन्चू शियी’ १६०३ सालीं पेकिंगास चिनी अक्षरांतच निघाला. गोव्यांत देशी ठसे नव्हते. ते व्हावे, अशी इच्छा स्टीफन्सनें १६०८ च्या पत्रांत वरिष्ठांस कळविली. मात्र त्यासाठीं सुमारें ६०० साचे लागत, ही अडचणहि नमूद केली. अखेर १६१६ त ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापलें गेलें.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांवर. साल्ढाणांची १९०७ ची मंगळूर आवृत्ति रोमन प्रतींवरून सिद्ध झाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहाची प्रत नागरी असून, रोमन प्रतींतील कित्येक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं तींत संस्कृत शब्द आढळतात. यांपैकीं मूळ पाठाला जवळचा कोणता, हें ठरविण्यास आणखी प्रती हव्यात.

म्हणून रोमन अक्षरांचें जुनें बाड दिसतांच संग्राहकांनीं तें परकीय समजून टाकूं नये. आंत मराठी ओवी असूं शकेल.