सिंदफणेच्या तळाशी राहणारा खरपा

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावून माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळणाऱ्या सिंदफणेसारख्या नदीत, उन्हाळ्यात प्रवाह तुटून केवळ डोह उरले म्हणजे, त्या डोहांच्या वाळूवर पोट टेकून निश्चल पडून राहणारा जो चपट्या डोक्याचा, वाळूच्याच रंगाचा मासा असतो, त्याला मराठी मुलखात खरपा किंवा खरप्या म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोसोगोबियस जिउरिस. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली प्रसिद्ध झालेल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. प्रजातिनामातील ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ; या माशाच्या जिभेचे टोक मध्यभागी खाच पडून दुभंगलेले असते.

खरपा ज्या गोबी कुळात मोडतो, त्या कुळाचे बहुसंख्य सभासद समुद्रात आणि खाड्यांत राहतात, आणि खरप्याची जातही खारे, मचूळ व गोडे अशा तिन्ही पाण्यांत आढळते. गोदावरीची लांबी 1465 किलोमीटर असल्याने बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील तिच्या पात्रापासून बंगालचा उपसागर प्रवाहाच्या वाटेने हजार किलोमीटरांहून अधिक दूर पडतो. समुद्राशी नाते सांगणाऱ्या कुळातील मासा इतक्या आत, दुष्काळी प्रदेशातील डोहात नांदतो, ही गोष्ट नीट थांबून पाहण्यासारखी आहे.

हाताशी आलेला खरपा उलटा करून पाहिला तर त्याची मुख्य ओळख पटते. रोहू किंवा कटला यांच्या पोटाखालचे दोन पर, म्हणजे अधरपर, वेगवेगळे असतात. खरप्याचे ते दोन्ही पर कडेने जुळून त्यांची एक उथळ वाटी झालेली असते, आणि तिच्या आधाराने तो तळावर स्थिर राहतो. दक्षिण सह्याद्रीच्या ओढ्यांतील सिसिओप्टेरस या त्याच्या नातलगाने याच वाटीचा चोषक म्हणून वापर करून धबधब्याचे ओले खडक चढण्यापर्यंत मजल मारली आहे. खरप्याची वाटी तेवढी घट्ट चिकटत नाही, पण वाळूवर राहणाऱ्याला तेवढी पकड पुरते. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, खालचा जबडा वरच्याहून पुढे आलेला, कुशीवर पाच-सहा गडद डाग: ही सारी रचना तळाशी दबून राहून वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालण्याची आहे. बहुतेक माशांच्या कुशीवर पाण्यातील हालचाल टिपणारी संवेदी रेषा असते. गोबी कुळात ती अंगावर नसते, आणि तिचे काम डोक्यावरील सूक्ष्म नलिका व संवेदी उंचवटे यांच्याकडे आलेले असते.

कीटकांच्या अळ्या, झिंगे आणि लहान मासे हा त्याचा आहार. प्रसंगी तो स्वजातीची पिल्लेही खातो. त्यामुळे कटल्यासारख्या माशांची बोटुकली सोडणाऱ्यांना तो नकोसा वाटतो, ही तक्रार त्यांच्या बाजूने समजण्यासारखी आहे. परंतु नदीच्या हिशेबात तळावरील बारीक जीव आणि मरळीसारखे मोठे शिकारी मासे यांच्या मधला दुवा तो सांभाळतो, आणि ते काम कटला करू शकत नाही.

या कुळात मादी सामान्यतः दगडाच्या कपारीत किंवा अशाच आडोशाला चिकट अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अशा माशाला तळ म्हणजे घर, शिकारीची जागा आणि पाळणा असे सर्व काही असते. म्हणूनच गेवराई व माजलगाव तालुक्यांतील गोदापात्रातून होणारा वाळूचा उपसा खरप्याला पाण्याच्या मध्यात पोहणाऱ्या माशांपेक्षा अधिक थेट भिडतो: वाळू गेली की तिच्यातील अळ्या जातात, आणि ढवळलेला बारीक गाळ खाली बसताना अंड्यांवर थर धरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत ही जात ‘कमी चिंतेची’ ठरली आहे, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियापलीकडे पसरलेल्या जातीसाठी ते योग्यच आहे. पण त्या नोंदीवरून सिंदफणेच्या एखाद्या डोहाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल.

2016 च्या उन्हाळ्यात याच भागातील मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सर्वांना आठवते. असा जलाशय पुन्हा भरला की त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज गाड्यांतून आणून सोडता येते. खरप्याचे बीज कोणी आणत नाही. त्याला वरच्या ओढ्यात टिकून राहिलेल्या एखाद्या डोहातून पुराबरोबर उतरावे लागते, कारण खालच्या पात्रातून येणारी वाट धरणाच्या भिंतीपाशी संपते. मे महिन्यात वरच्या अंगाला गुडघाभर पाण्याचा, तळाशी वाळू आणि दोन-चार मोठे धोंडे असलेला एक डोह जरी शिल्लक राहिला, तरी जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर खाली उतरणाऱ्यांत खरपा असू शकतो.