डोंगा

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. उन्हाळ्यात ती कृश दिसते. पावसाळ्यात मात्र तिचे रूप पालटते. अशा नद्यांवर व तलावांवर विदर्भातील ढिवर आणि भोई लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगा वापरीत आले आहेत. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली अरुंद नाव म्हणजे डोंगा. नौकेचा हा अतिप्राचीन प्रकार होय. नेदरलंड्स देशात पेसे गावाजवळ १९५५ साली रस्त्याचे काम चालू असता सापडलेला डोंगा सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा आहे.

डोंगा तरतो, कारण तो आपल्या व भाराच्या एकूण वजनाइतके पाणी बाजूस सारतो. भार वाढला की तो खोल बसतो आणि काठ पाण्याजवळ येतो. म्हणून काठ निदान वीतभर तरी पाण्याबाहेर राहील, इतकाच भार त्यात घालावा.

डोंगा विकत घेताना तो उलटा करून तळ नीट पाहावा. लाकडावर ठोकून पाहावे. बद्द आवाज आल्यास आत कूज असण्याचा संभव असतो. भेगा, किडीची छिद्रे व निसटू पाहणाऱ्या गाठी यांकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटी तो पाण्यात सोडून एका अंगास कलतो की काय, तेही पाहावे.

बैलगाडीतून नेताना त्याच्याखाली तणसाचा जाड थर द्यावा आणि दोन्ही टोके दोरांनी आवळून बांधावी. दगडांवरून तो कधीही ओढू नये.

काम संपल्यावर डोंगा सावलीत पालथा ठेवावा. कडक उन्हाने लाकूड तडकते. भेग दिसताच ती डांबराने बुजवावी. लहान भेग दुर्लक्षिली, तर तीच पुढे नाव बुडविते.

डोंगा अरुंद असल्यामुळे सहज कलंडतो. त्यात मध्यभागी खाली बसावे. उभे राहू नये. उथळ पाण्यात बांबू टेकून व खोल पाण्यात वल्ह्याने तो चालवितात. धार ओलांडताना तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास तिरपे ठेवावे, म्हणजे डोंगा फार खाली वाहत जात नाही. पोहता येत असले तरी तरंगते जाकीट घालावे. मुलांनी जाणत्या माणसाशिवाय पाण्यात जाऊच नये. डोंगा उलटला, तर त्यालाच धरून राहावे. लाकूड तरंगते, थकलेला माणूस मात्र बुडतो.

पुराच्या पाण्याबरोबर मोठमोठी झाडे वाहत येतात. त्यांच्या धडकेपुढे कोणत्याही नावाड्याचे कौशल्य चालत नाही. पलीकडे कितीही निकडीचे काम असो, पूर ओसरेपर्यंत डोंगा काठावर बांधून ठेवणारा नावाडीच खरा जाणता होय.