तारजोडणीची तपासणी

स्वाध्याय सादर करण्याच्या अखेरच्या दिवशी इंटरनेट बंद पडले, की नेटवर्क कार्ड बिघडले असे आपण चटकन मानतो. दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात.

संगणकाच्या मागे केबल जेथे खोचलेली असते, तेथे बहुधा एक लहान दिवा असतो. तो विझलेला असल्यास केबल काढून 'टक्' असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. तरीही न लागल्यास दुसरी केबल लावून पाहा.

दिवा लागलेला असल्यास पत्ता तपासावा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्या. 'आयपीव्ही४' च्या ओळीतील पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिला नाही म्हणून संगणकाने तो स्वतःच घेतला, असे समजावे. म्हणजे कार्ड बहुधा शाबूत आहे! अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा.

जुना संगणक विकत घेतला असल्यास आणखी एक शक्यता उरते. पूर्वीच्या मालकाने आपल्या कार्यालयातील ठरावीक पत्ता कार्डाच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलेला असतो. तो आपल्या घरच्या राउटरशी जुळत नाही. तेथे पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडावा.